मंगळवार-शुक्रवारचं पाणी

ज्या वर्षी मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात लागले, त्याच वर्षी शाळेने मामांना आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. सोमवार, बुधवार, गुरुवार. मंगळवारी आणि शुक्रवारी प्रयोगशाळा बंद, नाहीतर विज्ञानाचे सर स्वतः येऊन तासापुरती उघडायचे.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. एकतीस वर्षं सगळी शाळा त्यांना मामाच म्हणत आली आहे. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण त्याही मामाच म्हणतात. मी याच शाळेत शिकले. रसायनशास्त्र सरांनी शिकवलं, पण ब्युरेटची तोटी डाव्या हाताने मागून वळसा घालून धरली की थेंब आपल्या मनासारखा पडतो, हे मला मामांनी दाखवलं. दहावीत माझ्या हातून एक ब्युरेट फुटली, तेव्हा ते आधी माझा तळहात उलटसुलट करून बघत बसले. "काच आहे, फुटणारच. तुला लागलं नाही ना?" एवढंच म्हणाले.

तर या मामांचं पद वर्षअखेरीस रद्द होणार होतं. मला ते मोठ्या बाईंकडून कळलं. शाळेच्या नळाची तक्रार होती म्हणून मी गेले होते, आणि तक्रार राहिली बाजूला.

"तीन दिवस मी कसेबसे वाचवलेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तेवढेही जमणार नाही. आणि मामा गेले की प्रयोगशाळा म्हणजे नुसती कपाटं."

"त्यांना माहीत आहे?"

"आहे ना. मी सांगितलं तर म्हणाले, बाटल्यांचे ब्रश झिजलेत, जाण्याआधी नवे मागवून द्या."

आमच्याकडे उलटी तऱ्हा होती. नगरपालिकेची पाणी तपासणीची प्रयोगशाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. तिथला तंत्रज्ञ निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही, कारण तरतूद नव्हती. जलशुद्धीकरण केंद्रावर एक मीटर होता, तो केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात किती क्लोरीन आहे ते सांगायचा. पण पाणी केंद्रातून निघून गावाच्या टोकाच्या नळाला पोचेपर्यंत त्यातलं किती शिल्लक राहतं, हे रोज बघायला माणूस नव्हता. नमुने दुसऱ्या शहरात पाठवायचे आणि उत्तर आठ दिवसांनी यायचं. म्हणजे गेल्या आठवड्यात जे पाणी आपण पिऊन टाकलं ते चांगलं होतं, असं आपल्याला या आठवड्यात कळायचं.

शाळेकडे खोली होती, माणूस होता, काम कमी पडत होतं. आमच्याकडे काम होतं, खोली नव्हती, माणूस नव्हता. ही दोन वाक्यं मी एका कागदावर एकाखाली एक लिहिली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेब म्हणजे आमचे पाणीपुरवठा अभियंता. कमी बोलणारे. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे, आणि माणसांवर आकडे बघून. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मुलं तपासणार?"

"मुलं आणि मामा. रोज चार नळ. मंगळवार-शुक्रवारचा मामांचा पगार आपण द्यायचा, बाकीचे तीन दिवस शाळेने. रसायनं आपली. मुलांना खरं काम मिळेल आणि आपल्याला रोजचे आकडे."

"खरे असले तर," साहेब म्हणाले. पण कागद नगराध्यक्षांच्या टेबलापर्यंत त्यांनीच नेला, आणि नगराध्यक्षा बाईंनी उत्तर दिलं की दोन आठवडे करून दाखवा. मुलांचे आकडे बरोबर आले तर पुढच्या बैठकीत ठराव करू.

बाटल्यांची सोय मी केली. आमच्या बंद प्रयोगशाळेत लाकडी खोक्यांमध्ये अठ्ठेचाळीस काचेच्या बाटल्या पडून होत्या. काचेची बुचं, वर चांदीचा कागद घट्ट बांधलेला, धूळ फक्त बाहेरून. रोज चार, दहा दिवस, म्हणजे चाळीस लागणार आणि आठ उरणार. मला हिशोब इतका आवडला की मी लगेच खोक्यांवर चिठ्ठी लावली. जुन्या लेबलावर जे होतं तेच टाईप केलं: "निर्जंतुक. धुऊ नये. वापराआधी उघडावे." खाली साहेबांची सही घेतली, म्हणजे कागदाला वजन येतं.

कामाची पद्धत सोपी होती. सकाळी पहिल्या तासाला चार मुलं सायकलवरून चार नळांवर जायची: बाजाराचा नळ, दवाखान्याचा, टाकीखालचा, आणि गावाच्या टोकाचा. बाटली भरून अर्ध्या तासात परत. मग लहान नळीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी चुरडून टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त तितकं गडद. रंगपट्टीशी ताडून आकडा लिहायचा. आकडा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, साधारण शून्य पूर्णांक दोन ते शून्य पूर्णांक पाचच्या दरम्यान हवा.

सोमवारी चारही नळ्या गुलाबी. मी साहेबांना आकडे फोनवर सांगितले, तेव्हा ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"मध्ये बरंच काही असतं.

मंगळवारी चारही शून्य.

साहेबांनी केंद्रावरच्या माणसाला हातातलं काम सोडायला लावून तासाभरात मीटर घेऊन त्याच चार नळांवर पाठवलं. सगळीकडे पाणी ठीक. "पोरांनी गोळीच टाकली नसेल," साहेब म्हणाले. बुधवारी आणि गुरुवारी सगळं व्यवस्थित. शुक्रवारी पुन्हा चार शून्यं, पुन्हा मीटरचा माणूस, पुन्हा पाणी ठीक. दुसऱ्या आठवड्यात अगदी तसंच. मंगळवारी शून्य, शुक्रवारी शून्य, आणि सोमवार, बुधवार, गुरुवार इतके बरोबर की मीटरशी फरक काढायला भिंग लागावं.

त्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी मी शाळेत गेले. सर हताश होते. त्यांनी स्वतः गोळी चुरडली होती, स्वतः नळी हलवली होती. चार मुलांपैकी एक चष्मेवाली मुलगी होती, मामा तिला "प्रश्नपत्रिका" म्हणायचे, कारण ती दोन वाक्यं सलग प्रश्नाशिवाय बोलत नसे. त्या दिवशी मात्र तिने प्रश्न विचारला नाही.

"ताई, मामा असले की गुलाबी होतं. नसले की होत नाही," ती म्हणाली. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं तसं.

साहेबांनीही हेच बघितलं होतं. मी परत आले तेव्हा त्यांच्यापुढे दहा दिवसांचा तक्ता होता आणि त्यांनी चार ओळींना पेन्सिलने गोल केले होते.

"बस," ते म्हणाले. "आपल्या केंद्राच्या फाटकावर रोजचा आकडा खडूने लिहितो ना आपण?"

"हो."

"मामा रोज सायकलवरून तिथूनच जातात."

मला अर्थ कळायला दोन सेकंद लागले. "साहेब, मामा तसं नाही करणार."

"मुलं प्रामाणिक आहेत. त्यांना जमत नाही, ते शून्य लिहितात. मामा असतात तेव्हा जमतं. मामा सांगतील तो रंग मुलांना दिसतो. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. नोकरी जायला लागली की माणूस काय करेल सांगता येत नाही. नगराध्यक्षांच्या कानावर मी हे घातलंय. सोमवारी बैठक आहे."

मी विज्ञानाची पदवीधर आहे. माझ्यापुढे एक तक्ता होता आणि त्यात स्वच्छ संबंध दिसत होता. साहेबांनी त्यातून एक कारण काढलं होतं. मला ते कारण मान्य नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रात्रीच्या जेवणापर्यंत मलाही थोडी शंका येऊ लागली होती. याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी सकाळी मी मामांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत मोज्यांची रांग वाळत घातलेली. दार मामींनी उघडलं.

"ये गं. बरं झालं आलीस. यांना जरा काहीतरी काम दे. सुट्टीच्या दिवशी हा माणूस माझे डबे नावानुसार लावतो. काल मला मीठ सापडेना."

"म अक्षराखाली होतं," मामा आतून म्हणाले.

मामी चहा ठेवायला गेल्या. मामा खुर्चीवर बसले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "कळलं का तुला?"

मी विचारलं, "काय कळलं, मामा?"

"मग कशाला आलीस सकाळी सकाळी? कळलंच असणार." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "चूक माझीच आहे. लिहिलेलं मला दिसलं होतं. वाचता येतं मला. पण नाही राहवलं."

"मामा, फाटकावरच्या..." मी सुरुवात केली, पण ते ऐकतच नव्हते.

"एकतीस वर्षं झाली गं. मी स्वतः धुतल्याशिवाय एक बाटली कुणाच्या हातात दिली नाही. वर कागद बांधलेला असो नाहीतर आणखी काही. आत काय आहे मला काय माहीत? दोन वर्षं पडून होत्या तिथे. मग मी आपलं सकाळी लवकर जाऊन चारी उघडायचो, धुवायचो, निथळायला ठेवायचो. मुलं यायच्या आत परत कागद बांधायचो. निर्जंतुक होत्या, मी खराब केल्या. त्यामुळेच तुझा प्रयोग बिघडला ना?"

"तुम्ही धुतल्या," मी म्हणाले.

"हो."

"सोमवार, बुधवार, गुरुवार."

"मी असेन त्याच दिवशी ना. मंगळवारी कसा धुणार?"

मग मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मामी कप घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. "काय बोललात तिला?"

मी खाली वाकले आणि डोकं हातांत धरलं. त्या बाटल्या क्लोरीन तपासायच्या नव्हत्याच. त्या जंतू तपासायच्या होत्या. जंतू तपासताना पाण्यातल्या क्लोरीनने वाटेतच जंतू मारू नयेत म्हणून बाटलीत आधीच थायोसल्फेटचे थेंब टाकून ठेवतात. ते क्लोरीनला जागच्या जागी संपवतं. थेंब सुकून तळाशी पुसटसा थर राहिला होता, दिसणारही नाही असा. न धुतलेल्या बाटलीत पाणी भरलं की क्लोरीन शून्य. आपोआप. मुलांनी जे लिहिलं ते त्या बाटलीतल्या पाण्याबद्दल अगदी खरं होतं. आणि थायोसल्फेट म्हणजे काय हे मला कुठे शिकवलं होतं? याच शाळेत, याच मामांच्या टेबलापाशी. मी डोळे झाकून जुनं लेबल उतरवून काढलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. फक्त साहेबांचा संशय सांगितला नाही.

मामांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "म्हणजे चिठ्ठी चुकीची होती?"

"चिठ्ठी चुकीची. मी लिहिलेली."

"तुला नोकरीला लागून किती महिने झाले?"

"चार. सहा महिन्यांनी कायम करतात."

"मग असं कर," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला, जणू भिंतीपलीकडे साहेब बसले होते. "चिठ्ठीचं बोलूच नकोस. सांग, मामांनी न विचारता बाटल्या धुतल्या, म्हणून घोळ झाला. माझं काय, मी तसाही वर्षअखेरीला चाललोच आहे."

"अहो!" मामी म्हणाल्या.

"मामा," मी म्हणाले, "असं केलं तर मला पुन्हा कधी तुमच्या समोर उभं राहता येणार नाही."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "गार होतोय," म्हणाले.

सोमवारी बैठकीच्या खोलीत नगराध्यक्षा, साहेब, मोठ्या बाई आणि मी होतो. मामांना मी बरोबर आणलं होतं. ते दाराजवळ उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. उरलेल्या आठ बाटल्या मी टेबलावर ठेवल्या. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"यातल्या कोणत्याही चार निवडा," मी नगराध्यक्षांना म्हणाले.

त्यांनी चार निवडल्या. त्या मामांनी बाजूच्या खोलीतल्या नळावर धुऊन आणल्या. बाकीच्या चार तशाच. आठही बाटल्यांमध्ये त्याच एका नळाचं पाणी भरलं, आठ नळ्या, आठ गोळ्या. गोळ्या साहेबांनी स्वतः चुरडल्या. मीच त्यांना तसं करायला लावलं.

धुतलेल्या चार गुलाबी झाल्या. बाकीच्या चार पाण्यासारख्याच बिनरंगी राहिल्या.

साहेबांनी एक गुलाबी आणि एक बिनरंगी नळी खिडकीकडे धरून बघितली, मग जागा बदलून पुन्हा बघितली. मी थायोसल्फेटबद्दल सांगितलं. शेवटी मीच म्हणाले, "चिठ्ठी मी लिहिली होती. चूक माझी आहे. मामांनी धुतल्या नसत्या तर आपल्याला दहाही दिवस शून्यच मिळालं असतं, आणि शाळेला जमत नाही असं म्हणून आपण विषय संपवला असता."

"आणि तसं ठरवायला मी तयारही होते," नगराध्यक्षा म्हणाल्या.

साहेबांनी नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या. "चिठ्ठीवर सही माझी आहे," ते म्हणाले. "न वाचता केलेली." मग ते खुर्चीवरून उठले आणि दाराकडे वळले. "मामा, मी तुमच्याबद्दल इथे काही बोललो होतो. ते मी मागे घेतो."

"काय बोलला होतात?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. टाळता आलं असतं त्यांना. पण ते म्हणाले, "की तुम्ही आमच्या फाटकावरचा आकडा बघून लिहिता."

मामा विचारात पडले. रागावले नाहीत, खरोखर विचार करत होते, मार्ग डोळ्यांपुढे आणत असावेत.

"तिथे चढ आहे हो, साहेब," ते शेवटी म्हणाले. "तिथे माझी नजर पुढच्या चाकावरच असते."

आधी मोठ्या बाई हसल्या. मग नगराध्यक्षा. साहेब हसले की नाही हे सांगता येणार नाही, पण त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून दाराजवळ नेली आणि मामांच्या मागे ठेवली, आणि या वेळी मामा बसले.

ठराव एका वर्षासाठी झाला. मंगळवार आणि शुक्रवार नगरपालिकेचे, बाकीचे तीन दिवस शाळेचे. वर्षानंतर पुन्हा बघू, असं त्यात लिहिलं आहे, आणि ते बघणं सोपं असणार नाही हे मोठ्या बाईंना माहीत होतं, मलाही. मामांनी एकच गोष्ट विचारली.

"सुट्टीत शाळा बंद असते. पाणी बंद नसतं ना?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे लागेल."

साहेबांनी ते ठरावात घालायला सांगितलं.

पुढच्या मंगळवारी मी सकाळी शाळेत गेले. माझं तिथे काम नव्हतं. मला बघायचं होतं. प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं. चारही मुलं बेसिनपाशी रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात बाटली, आणि मामा त्यांच्या मागून फिरत होते.

"नुसतं भरून ओतायचं नाही. थोडं घ्यायचं, झाकण लावायचं, फिरवायचं, सगळ्या भिंती ओल्या झाल्या पाहिजेत. मग ओता. असं चार वेळा."

"चारच का?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "विचार ताईला. ती शिकलेली आहे."

मी सांगितलं. बाटली ओतली की भिंतींना समजा एक चमचाभर पाणी चिकटून राहतं. त्यात चाळीस चमचे नवं पाणी घातलं आणि परत ओतलं की आधीचं जे काही होतं त्याचा साधारण चाळिसावा भागच उरतो. दुसऱ्यांदा त्याचा चाळिसावा. तिसऱ्यांदा त्याचा. तिने बोटांवर गुणाकार करून बघितला, मध्येच चुकली, पुन्हा सुरुवात केली.

"म्हणजे चौसष्ट हजारातला एक भाग," ती म्हणाली. "मग तीन वेळा पुरे ना?"

"हिशोबाने तीन पुरे," मी म्हणाले.

"ऐकलं," मामा म्हणाले. "चार करा."

मुलांनी चौथ्यांदा पाणी घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मामांनी कपाटातून एक पाचवी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू काय बघत उभी आहेस? बाह्या वर कर."